जळगावात मॉडर्न जाइव्हच्या वर्गाला एकटीने, नवशिकी म्हणून जावे का?

वाघूरकाठ (जळगाव)

नमस्कार. जळगावात काही महिन्यांपासून एका मंगल कार्यालयाच्या वरच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी मॉडर्न जाइव्ह या जोडीनृत्याचा वर्ग भरतो. शिकवणारे पती-पत्नी मूळचे पाचोऱ्याकडचे असून बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहून परतले आहेत, एवढीच माहिती मला मैत्रिणीकडून मिळाली. त्यांच्या पत्रकात लिहिले आहे की नवशिक्यांनी केव्हाही यावे, जोडीदार आणण्याची गरज नाही आणि पायांच्या अवघड स्टेप शिकाव्या लागत नाहीत.

माझे वय 47 आहे, बँकेत नोकरी असल्यामुळे दिवस खुर्चीवर जातो. लहानपणी गुलाबाईची गाणी, कानबाईच्या जागरणाच्या रात्री फुगडी आणि पुढे नवरात्रात गरबा, एवढाच माझा नाचाशी संबंध आला. यजमानांना नाचाची आवड नाही, मात्र मी जाण्याला त्यांची काहीही हरकत नाही, तेव्हा जायचे ठरलेच तर एकटीने जावे लागेल.

माझ्या मनात काही शंका आहेत. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांमध्ये जो जाइव्ह दिसतो, त्यातील उड्या आणि पायांचा वेग पाहता तो या वयात जमणे शक्य वाटत नाही. हा त्यापेक्षा खरोखर वेगळा आहे का? दुसरे असे की वर्गात दर थोड्या वेळाने जोडीदार बदलतात असे ऐकले. आपले शहर लहान आहे, बँकेच्या खिडकीशी येणारा माणूसच तिथे समोर उभा असू शकतो, आणि अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या पुरुषाचा हात धरून नाचण्याचा मला मुळीच सराव नाही. तिसरी शंका उजव्या गुडघ्याची. जिना उतरताना तो दुखतो. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

भुसावळकर

ताई, मी याच वर्गाला भुसावळहून येतो. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काहीतरी नवे शिकावे म्हणून आलो आणि रमलो. तिथे नेमके काय घडते ते सांगतो, म्हणजे पहिल्या दिवसाची धास्ती बरीचशी कमी होईल.

सात वाजता सर्वांना समोरासमोर रांगांमध्ये उभे करतात. लीड करणारे, म्हणजे हाताने इशारा देणारे, एका रांगेत, फॉलो करणारे, म्हणजे तो इशारा ओळखून नाचणारे, त्यांच्यासमोर, आणि शिकवणारे दोघे मंचावर सर्वांना दिसतील असे. नवशिक्यांच्या वर्गात एका संध्याकाळी तीन किंवा चार मूव्ह शिकवल्या जातात. प्रत्येक मूव्ह मोजणीवर तुकड्यातुकड्याने दाखवतात, मग जोडून करून घेतात आणि शेवटी सगळ्या मूव्ह एकामागून एक गुंफून गाण्यावर करायच्या असतात. मूव्हची नावे इंग्रजीच आहेत : फर्स्ट मूव्ह, बास्केट, यो-यो, आर्म जाइव्ह, शोल्डर ड्रॉप. नावे पहिल्या दिवशी लक्षात राहत नाहीत आणि राहिली नाहीत तरी काही अडत नाही.

उदाहरणादाखल फर्स्ट मूव्ह सांगतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिच्यापासूनच होते. लीडरच्या डाव्या हाताच्या बोटांवर फॉलोअरच्या उजव्या हाताची बोटे असतात. पहिल्या मोजणीला दोघेही एक लहान पाऊल मागे घेतात आणि हात हलकेच ताणले जातात. मग फॉलोअर लीडरच्या उजव्या अंगाला येते, दोघे शेजारी शेजारी उभे राहून बाहेरच्या दिशेला वळतात, पुन्हा आत वळतात, त्यानंतर लीडरचा डावा हात वर जातो आणि फॉलोअर त्याखालून फिरून आपल्या मूळ जागी येते. सगळे मिळून एवढेच. पाय कोणता आधी टाकायचा यावर कोणी हटकत नाही. तालावर चालत राहायचे आणि पावले लहान ठेवायची, एवढ्यावर भर असतो.

दर काही मिनिटांनी मंचावरून सूचना येते आणि फॉलोअरची रांग दोन जागा पुढे सरकते. त्यामुळे कोणत्याही एका व्यक्तीसमोर आपण फार वेळ उभे राहत नाही. नव्या जोडीदाराला नमस्कार करायचा, आपले नाव सांगायचे, मूव्ह करायची आणि आभार मानून पुढे जायचे, अशी तिथली रीत आहे. वर्ग संपला की गाणी लावतात आणि ज्याला जे येते ते त्याने करावे, असा मोकळा वेळ असतो. नवशिक्यांना या वेळेची सर्वाधिक भीती वाटते, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-चौघांना खास नव्या मंडळींबरोबर नाचण्यासाठी नेमलेले असते. इंग्लंडमधल्या वर्गांत अशा मदतनिसांना टॅक्सी डान्सर म्हणतात आणि आमच्याकडेही तेच नाव रूढ झाले आहे. ते आपणहून विचारतात आणि त्या दिवशी शिकवलेल्या मूव्हच्या बाहेर जात नाहीत.

लळिंगची लेक (धुळे)

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी देऊ शकेन, कारण नोकरीनिमित्त काही वर्षे इंग्लंडमध्ये असताना मी हे नृत्य तिथेच शिकले.

स्पर्धेतला जाइव्ह आणि मॉडर्न जाइव्ह यांचे मूळ एक आहे, पण वाटा फार लवकर वेगळ्या झाल्या. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय समाजाने लिंडी हॉप हे नृत्य घडवले. 1926 मध्ये सुरू झालेला तिथला सॅव्हॉय बॉलरूम त्याचे माहेरघर होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांबरोबर ही नाचण्याची पद्धत युरोपात पोहोचली. पुढे बॉलरूम शिकवणाऱ्या संस्थांनी तिला नियमांत बसवले, आणि त्यातून आज सांबा, चा-चा-चा, रुंबा व पासो दोब्ले यांच्यासोबत स्पर्धेत होणारा जाइव्ह आला. त्याचा वेग मिनिटाला 170 ठोक्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो, गुडघे उंच उचलावे लागतात आणि पावलांचा क्रम ठरलेला असतो. तुम्हाला धास्ती वाटली ती या प्रकाराची.

फ्रान्समध्ये मात्र लोक आपापल्या मेजवान्यांत आणि क्लबांत हेच नृत्य साधेपणाने नाचत राहिले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्या फ्रेंच पद्धतीवर आधारित वर्ग सेरॉक या नावाने सुरू झाले, आणि त्या परंपरेतून ज्याला आज मॉडर्न जाइव्ह म्हणतात ते रूप पुढे आले. पावलांचा ठरलेला क्रम बाजूला ठेवला तर सामान्य माणूस पहिल्याच संध्याकाळी गाण्यावर नाचू शकतो, हा त्यामागचा विचार होता आणि तो खरा ठरला. गाण्याचा वेग साधारण 120 ते 140 ठोके असतो, म्हणजे भराभर चालण्याच्या लयीत. उड्या नाहीत आणि पाय झटकणेही नाही.

आता तुमच्या फुगडीविषयी लिहावेसे वाटते, कारण मी स्वतः तिच्यावरच वाढले आणि वर्गात तिचा मला जसा उपयोग झाला तसाच अडथळाही झाला. फुगडीत दोघी मागे झुकतात आणि एकमेकींचे वजन हातांवर तोलून धरतात. समोरचीची ओढ मनगटातून कळते आणि शरीर त्याला आपोआप उत्तर देते. ही जाण मॉडर्न जाइव्हचा गाभा आहे. लीडर बोलत नाही, त्याच्या हाताच्या हलक्या दाबावरून किंवा ओढीवरून पुढे यायचे, मागे जायचे की फिरायचे हे ओळखावे लागते, आणि ज्या बायका फुगडी खेळल्या आहेत त्यांना हे इतरांपेक्षा लवकर उमगते. फरक एवढाच की फुगडीत पकड घट्ट लागते आणि इथे ती अजिबात चालत नाही. बोटे नुसती अडकवलेली असतात, अंगठ्याने समोरच्याचा हात दाबून धरायचा नसतो, कारण फिरताना हात बोटांवर मोकळा फिरला नाही तर मनगट किंवा खांदा मुरगळतो. आपले वजन समोरच्यावर टाकायचे नाही, प्रत्येकाने आपल्या तोलावरच उभे राहायचे. कोपर थोडे वाकलेले, हात कमरेच्या उंचीवर आणि पकड अशी की कोणत्याही क्षणी सोडता येईल. पहिल्या दिवशी बाकी काही साधले नाही तरी एवढे सांभाळा.

तोरणमाळ (नंदुरबार)

माझे मत थोडे वेगळे आहे. नृत्य चांगलेच आहे, त्याला माझा विरोध नाही. आमच्या सातपुड्यात होळीला पावरा समाजातील स्त्री-पुरुष रात्रभर ढोलाच्या तालावर एकत्र नाचतात आणि त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही. परंतु तिथे सगळे गाव एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखते. शहरातल्या वर्गात कोण येतो हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून वाघूरकाठ ताईंनी एखाद्या मैत्रिणीला किंवा भावाला सोबत न्यावे आणि सुरुवातीचे काही महिने जोडीदार न बदलता त्याच व्यक्तीबरोबर शिकावे, असे मी सुचवेन. संकोच असताना माणूस नीट शिकू शकत नाही, हा शिक्षक म्हणून माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

लळिंगची लेक (धुळे)

सर, सोबत कोणी न्यावे हे मला पूर्ण मान्य आहे. मैत्रीण बरोबर असली की पहिल्यांदा दारातून आत जाणे सोपे जाते. जोडीदार न बदलण्याविषयी मात्र मी असहमत आहे, आणि त्यामागे शिकण्याचेच कारण आहे.

दोन नवशिके सतत एकमेकांबरोबर नाचले की दोघेही मूव्हचा क्रम पाठ करतात. लीडरने इशारा दिला नाही तरी फॉलोअर पुढची मूव्ह आधीच सुरू करते, आणि तिला ती येते असे पाहून लीडरही इशारा द्यायला शिकत नाही. दोघांना वाटते की आपल्याला जमले. मग एखाद्या दिवशी त्यांच्यापैकी कोणीही तिसऱ्या माणसासमोर उभे राहिले की काहीच जुळत नाही. एक लीडर घाईचा, दुसरा संथ, एखादा उंच, एखाद्याचा हात जड, अशा निरनिराळ्या माणसांबरोबर तीच मूव्ह करताना हाताची भाषा समजू लागते. शिवाय एखादी जागा चुकली तर ती कोणामुळे चुकली हेही जोडीदार बदलल्याशिवाय कळत नाही. जी जोडपी येतात त्यांना रांग न बदलण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, पण मी पाहिले आहे की जी जोडपी बदलतात ती लवकर तयार होतात आणि त्यांच्यात वादही कमी होतात.

संकोचाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर नियमांनी द्यावे लागते. ताई, पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांना चार गोष्टी स्पष्ट विचारा. नाचण्याची विनंती स्त्रीलाही करता येते का आणि नकार दिला तर कोणी कारण विचारते का? फर्स्ट मूव्हसारख्या मूव्हमध्ये लीडरचा उजवा हात फॉलोअरच्या कमरेमागे येतो. त्याऐवजी तो खांद्याच्या पात्यावर ठेवलेला चालेल का? कोणाचे वागणे खटकले तर ते कोणाकडे सांगायचे? आणि पहिल्या दिवशी कडेला बसून नुसते पाहता येईल का? चांगल्या वर्गात या चारही प्रश्नांची उत्तरे तयार असतात. विचारल्यावर शिकवणारे चाचरले किंवा हसण्यावारी नेऊ लागले, तर तिथे जाऊ नका. सरांची काळजी योग्य आहे, पण तिच्यावरचा उपाय वर्ग पारखून घेणे हा आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे फक्त गुडघ्यापुरते लिहितो.

जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणे हे बैठे काम करणाऱ्यांमध्ये पुष्कळ आढळते आणि अनेकदा मांडीचे स्नायू कमकुवत झाल्याने ते वाढते. तरीही गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चालताना अचानक दगा देत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि नंतरच वर्गाचा विचार करा. यापैकी काही नसेल, तर लहान पावलांचे आणि उड्या नसलेले हे नृत्य तुम्ही सावकाश सुरू करू शकता. सोबत खुर्चीवर बसून पाय सरळ करून काही क्षण धरून ठेवण्याचा साधा व्यायाम रोज करा.

गुडघ्याला खरा धोका असतो तो पीळ पडण्याचा. पाऊल फरशीला चिकटून राहते आणि शरीर फिरते, तेव्हा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून चालण्या-धावण्याचे रबरी तळाचे बूट या नृत्याला अयोग्य आहेत, कारण ते मुद्दाम घट्ट पकड घेण्यासाठीच बनवलेले असतात. चामड्याच्या किंवा गुळगुळीत तळाचे, मागून बंद असलेले, सपाट बूट घ्या. मोकळी चप्पल फिरताना निसटते, ती टाळा. शाहाबादी किंवा चकचकीत टाइल्सच्या फरशीवर काही जण पाय घसरावा म्हणून पावडर टाकतात, तसे कोणालाही करू देऊ नका. एकाची सोय होते आणि दुसरा पडतो. वळताना टाच किंचित उचलून चवड्यावर फिरा आणि शरीराबरोबर पाऊलही वळू द्या.

सुरुवातीला एका जागी भराभर फिरण्याच्या गिरक्या आणि मागे झुकवण्याच्या मूव्ह करू नका. जोडीदाराला आधीच 'गुडघा दुखतो, सावकाश करा' असे सांगावे. समजूतदार माणूस त्याप्रमाणे नाचतो. वर्गात असो वा मोकळ्या वेळेत, दुखू लागले की बाजूला बसा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो आणि संध्याकाळी सातलाही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि मध्येमध्ये घोटभर प्या.

वाघूरकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर आणि आपुलकीने कोणी लिहील असे वाटले नव्हते. सुजणे किंवा अडकणे असे काही होत नाही, तरी डॉक्टरांना दाखवून घेईन. बँकेतील एक मैत्रीण सोबत यायला तयार झाली आहे, म्हणजे तोरणमाळ सरांची सूचनाही पाळली जाईल.

आणखी थोडे विचारते. आम्ही दोघी बायका, तेव्हा पुरुष कमी असले तर आम्हाला नुसते उभे राहावे लागेल का? पोशाख कसा असावा? आणि गाणी सगळी इंग्रजी असतात की आपलीही चालतात?

भुसावळकर

पुरुष नेहमीच कमी असतात, ताई, आणि त्यामुळे आमच्या वर्गात काही बायका लीड करायला शिकल्या आहेत. कोणत्या रांगेत उभे राहायचे याला स्त्री-पुरुष असे बंधन नाही. एकजण लीड करते आणि दुसरी फॉलो करते, एवढे ठरले की झाले. माझ्या पाहण्यात ज्यांना दोन्ही बाजू येतात त्यांचे नाचणे सर्वांत सुबक असते. तुमच्यापैकी एकीने सुरुवातीपासून लीडची रांग धरली तर घरीही सराव करता येईल. मात्र पहिले काही शनिवार एकाच बाजूला राहावे, नाहीतर डावे-उजवे डोक्यात मिसळते. रांगेत कोणी जोडीदाराविना उरले तरी रांग सरकली की त्याची पाळी येते, तोवर हात हवेत धरून मोजणीवर तीच मूव्ह एकट्याने करायची.

पोशाखात सलवार-कुर्ता उत्तम. ओढणी घरीच ठेवावी, कारण हात डोक्यावरून जाताना ती दोघांच्याही बोटांत अडकते. आमच्या वर्गातल्या एक आजी नऊवारीत येतात आणि सहज नाचतात, पण पाचवारीचा पदर आणि निऱ्या सांभाळत फिरणे कठीण पडते. काचेच्या बांगड्या, खड्याच्या अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. बांगडी फुटून समोरच्याच्या हाताला लागल्याचे मी पाहिले आहे. लांब केस बांधून या, नाहीतर फिरताना वेणी जोडीदाराच्या तोंडावर बसते. एक लहान टॉवेल आणा, घाम पुसून मगच पुढचा हात धरण्याची तिथे पद्धत आहे.

गाण्यांचे म्हणाल तर चार ठोक्यांच्या लयीतले कोणतेही गाणे चालते. आपली केरव्यातली हिंदी-मराठी गाणी, आठ मात्रांची असल्यामुळे, या मोजणीत अगदी नेमकी बसतात. दादऱ्यातले, सहा मात्रांचे गाणे लावले तर मात्र मागे घ्यायचे पाऊल समेवर येत नाही आणि सगळे अडखळते. शिकवणारे सर निम्मी गाणी इंग्रजी लावतात, निम्मी आपली, आणि शेवटच्या अर्ध्या तासात एखादे वरातीतले अहिराणी गाणे लागतेच. त्यावर नवे-जुने सगळेच उठतात.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट मागच्या दाराशी आहे, समोरून ती दिसत नाही. गुडघ्यामुळे तुम्ही तिकडूनच या. पावणेसातपर्यंत पोहोचलात तर शिकवणाऱ्या ताई मोकळ्या असतात, तेव्हा वर सांगितलेले चारही प्रश्न निवांत विचारता येतील. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की सभागृह काही शनिवारी मिळत नाही आणि वर्ग रविवारी सकाळी घेतात, त्याचा निरोप आदल्या दिवशी गटावर येतो, म्हणून पहिल्याच दिवशी आपला क्रमांक नोंदवून घ्या.